संयोगचिन्ह की अपसारणचिन्ह? : झेक-स्लोव्हाक विभाजनाची वाङ्मयीन पूर्वपीठिका

१

३१ डिसेंबर १९९२ च्या मध्यरात्री झेकोस्लोव्हाकियाचे संघराज्य संपुष्टात आले आणि झेक प्रजासत्ताक व स्लोव्हाक प्रजासत्ताक ही दोन स्वतंत्र राज्ये अस्तित्वात आली. त्याच काळात युगोस्लाव्हिया रक्तपातातून फुटत होता. त्या पार्श्वभूमीवर प्राग आणि ब्रातिस्लाव्हा यांच्यातील ही शांततामय वाटणी जगाला कौतुकास्पद वाटली. मात्र या घटनेत एक मूलभूत विसंगती आहे. दोन्ही प्रजासत्ताकांतील बहुसंख्य लोक विभाजनाच्या बाजूने नव्हते, असे त्या वर्षीच्या जनमत पाहण्यांतून दिसत होते. सार्वमताची मागणी लाखो नागरिकांनी सह्यांनिशी केली होती. सार्वमत झाले नाही, आणि ते न झाल्याबद्दल मोठा उद्रेकही झाला नाही. ज्या समाजांना वेगळे व्हायचे नव्हते, ते वेगळे होण्याच्या निर्णयापुढे एवढे निरुत्तर का झाले, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे प्रचलित आहेत. पहिले राज्यशास्त्रीय आहे. जून १९९२ च्या निवडणुकीत झेक भागात व्हाक्लाव क्लाउस यांचा आणि स्लोव्हाकियात व्लादिमिर मेचियार यांचा पक्ष प्रत्येकी सुमारे एकतृतीयांश मतांच्या बळावर सर्वांत मोठा ठरला. एकाला वेगवान बाजारवादी सुधारणा हव्या होत्या, दुसऱ्याला त्यांचा वेग रोखायचा होता आणि अधिकाधिक सार्वभौमत्व हवे होते. शस्त्रास्त्रनिर्मिती व अवजड उद्योग यांवर विसंबलेल्या स्लोव्हाकियात १९९१ अखेर बेकारीचे प्रमाण झेक भागाच्या जवळजवळ तिप्पट होते. संघराज्याच्या संसदेतील राष्ट्रसभागृहात दोन्ही राष्ट्रांचे प्रत्येकी ७५ सदस्य होते, आणि घटनात्मक कायद्याला दोन्ही गटांत स्वतंत्रपणे तीनपंचमांश मते लागत. म्हणजे कोणत्याही एका गटातील ३१ सदस्य सारे काही अडवू शकत. या रचनेत दोन नेत्यांना तडजोडीपेक्षा वाटणी सोयीची वाटली, असे हे उत्तर सांगते.

दुसरे उत्तर ऐतिहासिक आहे. झेक लोक ऑस्ट्रियाच्या आणि स्लोव्हाक लोक हंगेरीच्या राजवटीत घडले. १९१८ मध्ये ते एकत्र आले तेव्हाच ते दोन भिन्न समाज होते, आणि १९९३ मध्ये अपरिहार्य ते घडले, असा या उत्तराचा रोख असतो.

पहिल्या उत्तरात नेते सर्वशक्तिमान होतात आणि समाज मूक प्रेक्षक ठरतो. दुसऱ्यात इतिहास सर्वशक्तिमान होतो आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे सहजीवन केवळ अपघात ठरते. या दोहोंच्या मध्ये एक क्षेत्र उरते. ते म्हणजे भाषा, वाङ्मय आणि सामूहिक स्मृती यांचे. दोन समाज एकमेकांची भाषा विनासायास समजत असूनही एकमेकांची कथा आपली मानत नव्हते. ही स्थिती कशी निर्माण झाली, याचा शोध वाङ्मयेतिहासातच घ्यावा लागतो. वाङ्मयामुळे राज्य फुटले असा दावा येथे अभिप्रेत नाही. राज्य टिकवण्यासाठी ज्या समान सार्वजनिक कथनाची गरज असते ते का घडले नाही, एवढाच मर्यादित प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

२

झेकोस्लोव्हाकियाचे राष्ट्रगीत हे या प्रश्नाचे सर्वांत सुटसुटीत प्रतीक आहे. ते एक गीत नव्हते. दोन वेगळ्या गीतांची पहिली कडवी लागोपाठ गायिली जात. पहिला भाग १८३४ मध्ये प्रागच्या रंगभूमीवर आलेल्या योझेफ कायेतान तिल यांच्या 'फिद्लोव्हाच्का' या नाटकातील होता. त्याला फ्रांतिशेक श्क्रोउप यांनी संगीत दिले होते. दुसरा भाग यान्को मातुश्का या विद्यार्थ्याने १८४४ मध्ये रचलेल्या गीताचा होता. ल्युदोव्हित श्तूर यांना ब्रातिस्लाव्हा येथील लुथेरन विद्यालयातील अध्यापनापासून दूर करण्यात आले, तेव्हा निषेध म्हणून शहर सोडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वातावरणात ते जन्मले.

दोन्ही गीतांची प्रकृती निराळी आहे. झेक गीत घराविषयीच्या प्रश्नाने सुरू होते आणि पाणी, रान, फुललेली बाग अशा शांत निसर्गचित्रात त्याचे उत्तर शोधते. ते नाटकातील एका अंध वादकाच्या तोंडी आहे. ज्याला भूमी दिसत नाही तोच तिचे वर्णन करतो. स्लोव्हाक गीतात तात्रा पर्वतावर विजा कडाडतात आणि झोपी गेलेल्या बांधवांना जागे होण्याचे आवाहन येते. एकात भूमी आहेच, ती केवळ ओळखायची आहे. दुसऱ्यात समाज अजून व्हायचा आहे. पहिल्या गीतामागे लुप्त झालेल्या बोहेमियाच्या राज्याची स्मृती आहे, तर दुसऱ्यामागे अशा कोणत्याही राज्याची आठवण नाही. स्वरदृष्ट्याही ही दोन गीते एकमेकांत मिसळत नाहीत. पहिले संथपणे संपते आणि दुसरे नव्या लयीत सुरू होते.

१९९३ मध्ये ही दोन गीते वेगळी झाली तेव्हा दोन्ही राष्ट्रांना नवे राष्ट्रगीत शोधावे लागले नाही. जोड जिथे होती तिथेच ती सुटली. ध्वजाबाबत मात्र असे झाले नाही. संघराज्याची चिन्हे कोणत्याही उत्तराधिकारी राज्याने वापरू नयेत असा घटनात्मक कायदा झालेला असतानाही झेक प्रजासत्ताकाने जुना ध्वज आपला म्हणून ठेवला. ध्वजातील निळा त्रिकोण स्लोव्हाकियाशी जोडला जात असे, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे संघराज्य हे मूलतः आपलेच घर होते, ही झेक धारणा त्या कृतीतून किती सहजपणे प्रकट झाली ते दिसते.

३

झेक आणि स्लोव्हाक या भाषा परस्परांना बहुतांशी आकलनीय आहेत. त्यामुळे त्या दोन भाषा की एका भाषेची दोन रूपे, हा वाद भाषाशास्त्रापेक्षा इतिहासाने ठरवला. १५७९ ते १५९३ या काळात मोराव्हियातील क्रालित्से येथे छापले गेलेले झेक बायबल स्लोव्हाक लुथेरनांनी उपासनेची भाषा म्हणून स्वीकारले. कॅथलिक स्लोव्हाकांना त्या बायबलशी बांधिलकी नव्हती. म्हणून १७८७ मध्ये अंतोन बेर्नोलाक या कॅथलिक धर्मगुरूने पश्चिम स्लोव्हाक बोलीच्या आधारे वेगळी लेखनभाषा सिद्ध केली, आणि पुढे यान होल्ली यांनी तीत महाकाव्ये लिहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्लोव्हाक समाज असा धर्मपंथागणिक दोन लेखनभाषांत विभागलेला होता.

१८४३ च्या जुलैमध्ये हल्बोके या गावी श्तूर, योझेफ मिलोस्लाव हुर्बान आणि मिखाल मिलोस्लाव होझा यांनी मध्य स्लोव्हाक बोलीवर आधारलेली नवी प्रमाणभाषा स्वीकारण्याचा निर्णय घेतला. तिघेही लुथेरन होते, म्हणजे क्रालित्से बायबलच्या परंपरेतून आलेले होते. त्यांनी आपल्या पंथाच्या पवित्र भाषेचा लेखनापुरता त्याग केला, कारण त्यांना कॅथलिक बांधवांसह एक समाज उभा करायचा होता. हा निर्णय झेकांविरुद्ध होता असे म्हणण्यापेक्षा तो हंगेरियन सत्तेच्या वाढत्या भाषिक दडपणापुढे स्लोव्हाक ऐक्य साधण्यासाठी होता, असे म्हणणे अधिक युक्त होईल. त्याचा परिणाम मात्र झेकांपासून दूर जाण्यात झाला. १८४६ मध्ये आंद्रेय स्लाद्कोव्हिच यांचे 'मारिना' हे दीर्घकाव्य या नव्या भाषेत आले, आणि व्याकरणातून निघालेल्या भाषेला काव्याचा आधार मिळाला.

याच वर्षी प्रागमध्ये या निर्णयाविरुद्ध एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. झेक, मोराव्हियन आणि स्लोव्हाक यांच्यासाठी एकच लेखनभाषा आवश्यक आहे, असे प्रतिपादन करणाऱ्या मतांचे ते संकलन होते. त्यामागील प्रमुख नाव यान कोल्लार यांचे होते. कोल्लार स्वतः स्लोव्हाक. १८२४ मध्ये त्यांनी 'स्लाव्ह-कन्या' या आशयाच्या शीर्षकाचा सुनीतसंग्रह झेकमध्ये प्रसिद्ध केला होता. त्यांच्या स्लाव्ह परस्परतेच्या सिद्धान्तात रशियन, पोलिश, झेक आणि इलिरियन अशा चार प्रमुख शाखा होत्या, आणि स्लोव्हाक ही झेक शाखेची उपशाखा होती. पावेल योझेफ शफारिक हे दुसरे स्लोव्हाक विद्वान. स्लाव्ह पुरातत्त्वावरील १८३७ चा त्यांचा ग्रंथ झेकमध्येच आहे. दोन्ही वाङ्मयेतिहास आजही या दोघांना आपले म्हणतात, आणि दोन्हींचे म्हणणे खरे आहे.

श्तूर यांचे उत्तरही १८४६ चेच. त्या पुस्तिकेच्या शीर्षकात त्यांनी स्लोव्हाकला 'बोली' असेच म्हटले आहे. हा तपशील महत्त्वाचा आहे. आपली वाणी ही स्वतंत्र भाषा आहे असे सिद्ध करण्याच्या फंदात ते पडत नाहीत. स्लाव्ह लोक अनेक शाखांचे आहेत, प्रत्येक शाखेचे जीवन स्वतंत्र आहे, म्हणून प्रत्येक शाखेला आपल्या बोलीत लिहिण्याचा अधिकार आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. कोल्लार यांच्या वृक्षाची प्रतिमा ते नाकारत नाहीत. त्या वृक्षावर आपली फांदी कोठून फुटते, एवढेच ते बदलतात. एका सामाईक परिभाषेतूनच वेगळेपणाची मागणी पुढे आली, ही या वादातील लक्षणीय गोष्ट होय.

४

झेक वाङ्मयाच्या आत्मभानाकडे पाहिले म्हणजे हा वाद अधिक उपरोधिक होतो. १८८६ मध्ये हुबेर्ट गोर्डोन शाउएर या समीक्षकाने 'आमचे दोन प्रश्न' या लेखात झेक समाजाला अस्वस्थ केले. जर्मनसारखी समृद्ध संस्कृती शेजारी असताना एका लहान राष्ट्राने वेगळी भाषा आणि वेगळे वाङ्मय उभारण्यासाठी एवढे कष्ट घ्यावेत काय, हा त्यांचा प्रश्न होता. जून १९६७ मध्ये झेकोस्लोव्हाक लेखकसंघाच्या अधिवेशनात मिलान कुंदेरा यांनी नेमका हाच प्रश्न पुन्हा उपस्थित केला. झेक राष्ट्राचे अस्तित्व स्वयंसिद्ध नाही, ते वाङ्मयाच्या आणि संस्कृतीच्या मूल्यानेच पुनःपुन्हा समर्थनीय ठरवावे लागते, असे त्यांचे सूत्र होते.

या सूत्रात जर्मनच्या जागी झेक आणि झेकच्या जागी स्लोव्हाक हे शब्द घातले की श्तूर यांची बाजू तयार होते. मोठ्या संस्कृतीत विलीन होण्याने लाभ होईल हे मान्य करूनही विलीन न होण्याचा हक्क झेकांनी जर्मनांपुढे सांगितला. स्लोव्हाकांनी तोच हक्क झेकांपुढे सांगितला, तेव्हा तो अनेक झेक विचारवंतांना शक्तीचा अपव्यय वाटला. स्वतःच्या राष्ट्रवादाचा पाया दुसऱ्याच्या हाती दिसला की तो ओळखू येत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

१९१८ नंतर या विसंगतीला राज्यसंस्थेचे बळ मिळाले. पहिले राष्ट्राध्यक्ष तोमाश मासारिक यांचे वडील स्लोव्हाक होते, आणि १८९८ पासून प्रसिद्ध होणाऱ्या 'ह्लास' या नियतकालिकाभोवती जमलेले स्लोव्हाक तरुण त्यांचे अनुयायी होते. ३० मे १९१८ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे झालेल्या करारात स्लोव्हाकियाला स्वतःचे प्रशासन, विधिमंडळ आणि न्यायालये असतील असे म्हटले होते. मात्र १९२० च्या राज्यघटनेने एकसंध 'झेकोस्लोव्हाक राष्ट्रा'च्या नावाने बोलायला सुरुवात केली आणि त्याच वेळच्या भाषाविषयक कायद्याने 'झेकोस्लोव्हाक भाषा' ही राज्यभाषा ठरवली. अशी भाषा कोणी बोलत नव्हते. तिची दोन रूपे आहेत, एक झेक आणि एक स्लोव्हाक, असे सांगून व्यवहार चालवला गेला. या कल्पितामागे संख्येचे गणित होते. नव्या राज्यात जर्मनांची संख्या तीस लाखांहून अधिक आणि स्लोव्हाकांची सुमारे वीस लाख होती. झेक आणि स्लोव्हाक हे एक राष्ट्र मानले तरच राज्याला निर्विवाद बहुमत मिळत होते.

या धोरणाचे श्रेय आणि दोष दोन्ही नोंदवायला हवेत. १८७४-७५ मध्ये हंगेरियन शासनाने स्लोव्हाक माध्यमिक विद्यालये आणि 'मातित्सा स्लोव्हेन्स्का' ही सांस्कृतिक संस्था बंद केली होती. झेकांना १८८२ मध्ये प्रागमध्ये स्वतःचे विद्यापीठ मिळाले, तर स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाचे कोमेन्स्की विद्यापीठ १९१९ मध्ये स्थापन झाले. ते उभारण्यात झेक प्राध्यापकांचा मोठा वाटा होता. झेक शिक्षक आणि अधिकारी आले नसते तर स्लोव्हाक शिक्षणव्यवस्था इतक्या लवकर उभी राहिली नसती. पण त्या शिक्षणातून बाहेर पडलेल्या पिढीला सर्व जागांवर झेक माणसे बसलेली दिसली. उपकाराची जाणीव आणि अपमानाची भावना या दोन्ही एकाच शाळेत शिकवल्या गेल्या.

१९३१ च्या स्लोव्हाक शुद्धलेखन नियमांवरून उठलेल्या वादात हा ताण भाषेच्या पातळीवर उघड झाला. व्हाक्लाव व्हाझ्नी या झेक भाषातज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली तयार झालेले हे नियम स्लोव्हाकला झेकच्या जवळ नेणारे होते. पुन्हा सुरू झालेल्या मातित्सेच्या १९३२ च्या सर्वसाधारण सभेने ते नाकारले, आणि त्याच वर्षी 'स्लोव्हेन्स्का रेच' हे भाषाविषयक नियतकालिक निघाले. शब्दसूची आणि प्रत्यय यांवरून राष्ट्रीय प्रतिष्ठेची लढाई लढली गेली. साठ वर्षांनंतर विरामचिन्हावरून जे घडणार होते त्याची ही रंगीत तालीम होती.

५

समान राज्यात राहूनही दोन समाजांनी विसाव्या शतकाची महत्त्वाची वर्षे वेगवेगळ्या अर्थाने जगली. १९३९ हे झेकांच्या दृष्टीने नाझी व्यापाचे वर्ष. स्लोव्हाकांच्या दृष्टीने ते पहिल्या स्वतंत्र राज्याचेही वर्ष, आणि ते राज्य नाझींचे आश्रित होते. त्या राज्याने १९४२ मध्ये सुमारे ५८ हजार ज्यूंना हद्दपार केले. त्याच स्लोव्हाकियात २९ ऑगस्ट १९४४ रोजी नाझींविरुद्ध राष्ट्रीय उठाव झाला. दोमिनिक तातार्का यांच्या १९४८ च्या 'फार्स्का रेपुब्लिका' या कादंबरीने या राज्याच्या धर्माधिष्ठित ढोंगाचे विच्छेदन केले. स्वराज्याची पहिली स्मृतीच अपराधाने डागाळलेली असणे, हा अनुभव झेक वाङ्मयाला नव्हता.

१९५२ चे उदाहरण तुलनेसाठी विशेष उपयुक्त आहे. परराष्ट्रमंत्री राहिलेले व्लादिमिर क्लेमेंतिस यांना त्या वर्षी प्रागमधील खटल्यानंतर फाशी देण्यात आले. कुंदेरा यांच्या १९७९ मध्ये प्रथम फ्रेंच अनुवादात प्रसिद्ध झालेल्या हास्य आणि विस्मरणाविषयीच्या पुस्तकाची सुरुवात क्लेमेंतिस यांच्या टोपीने होते. त्यांनी ती थंडीत गोट्वाल्ड यांच्या डोक्यावर ठेवली होती. पुढे छायाचित्रातून क्लेमेंतिस पुसले गेले आणि टोपी उरली. जगभरच्या वाचकांसाठी हा प्रसंग सत्ता आणि विस्मृती यांचे रूपक झाला. पण क्लेमेंतिस हे स्लोव्हाक होते, आणि त्यांच्यावर 'स्लोव्हाक बूर्झ्वा राष्ट्रवादा'चा आरोप होता. याच आरोपाखाली कवी लात्सो नोव्होमेस्की आणि गुस्ताव हुसाक यांना १९५४ मध्ये शिक्षा झाल्या. कुंदेरा यांच्या कथनात क्लेमेंतिस यांचे स्लोव्हाकपण अर्थनिर्णायक ठरत नाही. स्लोव्हाक वाचकासाठी तेच पहिले वास्तव आहे. छायाचित्रातून माणूस पुसला जाण्याविषयीच्या संहितेत त्या माणसाची राष्ट्रीय ओळख पार्श्वभूमीत विरून जाते. यात लेखकाचा दोष शोधणे अप्रस्तुत होईल. रूपकाच्या व्याप्तीसाठी तपशील सोडावाच लागतो. पण कोणता तपशील सोडता येतो, हे लेखक कोणत्या स्मृतीत उभा आहे त्यावर अवलंबून असते.

१९६८ बाबतही असेच झाले. झेकांच्या स्मृतीत ते लोकशाहीकरणाचे वर्ष आहे, आणि ऑगस्टमधील आक्रमणाने ते चिरडले गेले. स्लोव्हाक सुधारणावाद्यांपैकी अनेकांसाठी संघराज्याची स्थापना ही तितकीच, कित्येकदा अधिक निकडीची मागणी होती. ऑक्टोबर १९६८ मध्ये मंजूर झालेले आणि १ जानेवारी १९६९ पासून अमलात आलेले संघराज्य हीच त्या वर्षाची टिकलेली एकमेव मोठी सुधारणा. ती रणगाड्यांच्या छायेत टिकली, आणि पुढे हुसाक यांच्या केंद्रीकरणाने पोकळ झाली. अनेक झेकांना स्लोव्हाकांनी पराभवातून लाभ मिळवला असे वाटले, तर स्लोव्हाकांना आपल्याला केवळ कागदी समता मिळाली असे वाटले. १९७७ च्या सनदेवर सही करणाऱ्यांत तातार्का यांच्यासारखे मोजकेच स्लोव्हाक होते. स्लोव्हाक विरोधाचा मोठा प्रवाह कॅथलिक गुप्त चळवळीतून वाहत होता. त्यामुळे नोव्हेंबर १९८९ मध्ये हुकूमशाही कोसळली तेव्हा प्रागमध्ये 'नागरी मंच' आणि ब्रातिस्लाव्हात 'हिंसेविरुद्ध जनता' अशा दोन वेगळ्या संघटना एकाच वेळी उभ्या राहिल्या. स्वातंत्र्याच्या पहिल्या आठवड्यातही सर्व देशाची अशी एक चळवळ नव्हती.

तरीही या चित्राला एक प्रतिचित्र आहे, आणि ते दुर्लक्षित करणे अन्यायाचे होईल. लादिस्लाव ग्रोस्मान हे स्लोव्हाकियातील हुमेन्ने येथे जन्मलेले लेखक झेकमध्ये लिहीत. त्यांच्या कथेवर यान काडार आणि एल्मार क्लोस यांनी १९६५ मध्ये केलेला 'ओब्खोद ना कोर्झे' हा चित्रपट प्रागच्या स्टुडिओची निर्मिती होता. त्याचे संवाद स्लोव्हाकमध्ये होते आणि विषय स्लोव्हाक राज्यातील ज्यूंच्या दुकानांच्या जप्तीचा होता. परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळवणाऱ्या या कलाकृतीला एका राष्ट्राच्या खात्यावर जमा करता येत नाही. दूरचित्रवाणीवर दोन्ही भाषा आळीपाळीने ऐकू येत, आणि एका भाषेत उत्तर व दुसऱ्या भाषेत प्रश्न असा संवाद घरोघर चालत असे. समान कथन अशक्य नव्हते. ते कलाकृतींत होते, दैनंदिन व्यवहारात होते. राज्याच्या आत्मवृत्तात मात्र त्याला जागा नव्हती.

६

२३ जानेवारी १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष व्हाक्लाव हावेल यांनी राज्याच्या नावातून 'समाजवादी' हा शब्द काढावा असे सुचवले. औपचारिक वाटणाऱ्या या सूचनेतून तीन महिने चाललेला वाद उद्भवला. स्लोव्हाक प्रतिनिधींनी 'झेको' आणि 'स्लोव्हाकिया' यांच्यामध्ये एक आडवी रेघ मागितली. मार्चअखेरीस झेकमध्ये रेघेशिवाय आणि स्लोव्हाकमध्ये रेघेसह असे एकाच राज्याचे दोन लेखनप्रकार मान्य झाले. ही तडजोड तीन आठवडेच टिकली. २० एप्रिल रोजी 'झेक आणि स्लोव्हाक संघीय प्रजासत्ताक' हे नाव ठरले, आणि समान मानासाठी प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर मोठ्या लिपीत लिहिले गेले, जे रूढ शुद्धलेखनाला सोडून होते.

परदेशी वृत्तपत्रांनी या वादाची थट्टा केली. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र त्यात चिन्हार्थाचा गंभीर प्रश्न दिसतो. ही रेघ नवी नव्हती. १९१८ ते १९२० या काळातील शांतता तहांसह अनेक दस्तऐवजांत ती होती. पुढे म्युनिक करारानंतर, १९३८ च्या अखेरीस, स्लोव्हाकियाला स्वायत्तता मिळाली तेव्हा ती राज्याच्या नावात परत आली. स्लोव्हाक वाचकासाठी ती रेघ पिट्सबर्गच्या वचनाची आणि समान दर्जाची खूण होती. झेक वाचकासाठी तीच रेघ म्युनिकची, राज्यभंगाची खूण होती. एकाच चिन्हाची दोन वाचने एकमेकांसमोर उभी राहिली, आणि दोन्ही वाचनांना इतिहासाचा पुरावा होता.

या वादाचे नावही अर्थपूर्ण आहे. शब्द जोडणाऱ्या रेघेला दोन्ही भाषांत 'जोडणारा' या अर्थाचे नाव आहे. परंतु वाद गाजला तो 'पोम्ल्च्का' या शब्दाने. तो लांब रेघेचा वाचक असून त्याच्या मुळाशी गप्प राहण्याचा, थांबण्याचा अर्थ आहे. मराठी व्याकरणात संयोगचिन्ह आणि अपसारणचिन्ह यांत जो भेद आहे, तोच येथे राजकीय झाला. स्लोव्हाकांनी मागितलेले चिन्ह व्याकरणाने संयोगाचे होते, झेकांनी ते अपसारणाचे म्हणून ऐकले, आणि लोकव्यवहारात त्याला मौनाचे नाव मिळाले.

त्याच वसंतात लुडव्हिक व्हात्सुलिक यांचा 'आमचा स्लोव्हाक प्रश्न' हा लेख 'लितेरार्नी नोव्हिनी'त आला आणि स्लोव्हाकियात मोठी प्रतिक्रिया उमटली. १९६८ च्या 'दोन हजार शब्द' या जाहीरनाम्याच्या या लेखकाचा नैतिक अधिकार निर्विवाद होता. प्रश्न शीर्षकातील 'आमचा' या सर्वनामापाशी होता. स्लोव्हाक हा झेकांचा एक प्रश्न आहे, ही व्याकरणिक रचनाच दीर्घकाळाच्या थोरल्या भावाच्या भूमिकेची साक्ष देत होती. मात्र तिचा दुसरा अर्थही नाकारता येत नाही. झेकांनी आता स्वतःचा वेगळा विचार करावा, ही शक्यता त्यात सूचित होती. संयुक्त राज्याशी आपले राष्ट्र एकरूप मानण्याची झेक सवय मोडू लागली, ती येथून.

पुढील घटनाक्रम सुपरिचित आहे. जुलै १९९२ मध्ये स्लोव्हाक प्रतिनिधींनी हावेल यांची फेरनिवड अडवली. १७ जुलै रोजी स्लोव्हाक राष्ट्रीय परिषदेने सार्वभौमत्वाची घोषणा केली आणि त्याच दिवशी हावेल यांनी राजीनामा जाहीर केला. ऑगस्टच्या अखेरीस ब्र्नो येथील तुगेन्धाट वास्तूत क्लाउस आणि मेचियार यांनी विभाजनाचे वेळापत्रक ठरवले. २५ नोव्हेंबर रोजी संघीय संसदेने काठावरच्या बहुमताने स्वतःच्याच राज्याच्या समाप्तीचा कायदा संमत केला. मालमत्ता लोकसंख्येच्या प्रमाणात दोनास एक अशी वाटली गेली.

सार्वमत न होण्याचे कारण आता अधिक स्पष्ट होते. पाहण्यांत बहुसंख्य लोक विभाजन नको म्हणत. पण हवे काय, याविषयी त्यांच्यात एकवाक्यता नव्हती. कोणाला एकसंध राज्य हवे होते, कोणाला संघराज्य, कोणाला सैल राज्यसंघ. नकारावर मतैक्य होते, होकारार्थी आशयावर नव्हते. नेत्यांनी वाटणी लादली हे खरे आहे. पण ती लादता आली, याचे कारण तिच्याविरुद्ध उभे राहण्यासाठी 'आपण' म्हणून बोलणारा समान आवाज उपलब्ध नव्हता. १८४६ पासून तो आवाज दोन भाषांत, दोन स्मृतींत आणि दोन वाङ्मयेतिहासांत घडत आला होता.

७

येथे एका धोक्याची नोंद आवश्यक आहे. श्तूर यांच्यापासून १९९३ पर्यंत सरळ रेषा ओढण्याचा मोह राष्ट्रीय वाङ्मयेतिहासांना नेहमी होतो. शेवट माहीत असलेला वाचक प्रारंभात शेवटाची बीजे पाहतोच. श्तूर यांना स्वतंत्र राज्य अभिप्रेत नव्हते, आणि मे १९१८ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या कोनशिलेच्या पन्नासाव्या वर्धापन समारंभाला गेलेल्या ह्व्येझ्दोस्लाव या स्लोव्हाक महाकवीला झेकांशी ऐक्य हीच मुक्ती वाटत होती. वेगळी प्रमाणभाषा म्हणजे वेगळे राज्य असे समीकरण कोठेच सिद्ध होत नाही. समता मान्य करणारे कथन १९१८, १९४५ किंवा १९६८ मध्ये घडले असते, तर दोन वाङ्मयांचे एक राज्य ही कल्पना अशक्य नव्हती.

विभाजनानंतरच्या काळाने या तर्काला एका बाजूने दुजोरा दिला आहे. राज्ये वेगळी झाल्यावर दोघांतील कटुता वेगाने ओसरली. २००४ मध्ये दोघेही एकाच दिवशी युरोपीय संघात दाखल झाले. झेक विद्यापीठांत हजारो स्लोव्हाक विद्यार्थी आपल्या भाषेत परीक्षा देतात. पण स्लोव्हाक ऐकण्याची सवय मोडलेल्या तरुण झेक वाचकांसाठी आता स्लोव्हाक पुस्तकांचे अनुवाद होऊ लागले आहेत. पूर्वीच्या पिढ्यांना ज्या ठिकाणी अनुवादाची गरज वाटली नसती तेथे तो होतो आहे. शेजारी म्हणून आदर वाढला आणि आकलनाची ती सहज, निष्काळजी जवळीक कमी झाली, असे म्हणावे लागते.

विभाजनाची खरी किंमत ज्यांनी मोजली त्यांचा उल्लेख 'मखमली' या विशेषणात येत नाही. १९९३ च्या झेक नागरिकत्व कायद्यामुळे झेक भूमीत राहणाऱ्या, पण कागदोपत्री स्लोव्हाक ठरलेल्या अनेक रोमा कुटुंबांचे नागरिकत्व अनिश्चित झाले. १९९५ च्या स्लोव्हाक राज्यभाषा कायद्याने हंगेरियन भाषक अल्पसंख्याकांना तोच अनुभव दिला, जो स्लोव्हाकांनी एकेकाळी इतरांकडून घेतला होता. लहान राष्ट्राचा युक्तिवाद यशस्वी झाल्यावर तो आपल्याहून लहानांना लागू करण्याची वेळ येते, आणि तेथे शाउएर यांचा प्रश्न पुन्हा नव्या तोंडून विचारला जातो.

भारतीय तौलनिक साहित्याभ्यासाला या प्रकरणातून पद्धतीचा एक धडा मिळतो. भाषा की बोली या प्रश्नावर मराठी आणि कोंकणी यांच्यात दीर्घकाळ वाद झाला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले आणि १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. दोन्ही प्रकरणांचा राजकीय संदर्भ पूर्णपणे वेगळा आहे, आणि त्यांची सरधोपट तुलना फसवी ठरेल. परंतु वादाची भाषा तपासणे उपयुक्त आहे. शाखा, बहीण, बोली, उपभाषा या शब्दांत समानतेची मान्यता किती असते आणि श्रेणी किती असते, हे पाहणे तौलनिक अभ्यासकाचे काम आहे. झेकोस्लोव्हाकियात एका लहान रेघेविषयी समंजसपणे बोलण्यासाठी आवश्यक असलेले परस्परवाचन वेळेवर झाले नाही. ते झाले असते तर राज्य टिकलेच असते, असे खात्रीने सांगता येणार नाही. पण ज्या लाखो लोकांनी सार्वमत मागितले होते, त्यांना निदान कोणत्या प्रश्नावर मत द्यायचे ते एका वाक्यात सांगता आले असते.